पाठवणारा ओळखीचा

कराचीतल्या ‘रोशनी हेल्पलाइन’ या संस्थेने २०१६ मध्ये एक छोटी फिल्म केली. गल्लीत मुलं क्रिकेट खेळतायत, मोटारसायकलवरून दोघे येतात, मागे बसलेला एका मुलाला उचलतो आणि गाडी सुसाट निघून जाते. थोड्या वेळाने तीच गाडी परत येते, मुलाला खाली उतरवलं जातं आणि एक फलक उघडला जातो: कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला एक क्षण पुरतो. संस्था हरवलेल्या मुलांसाठी काम करणारी, हेतू स्वच्छ. पण ही फिल्म भारतातल्या मोबाइलवर आली तोवर कोणीतरी तिचा शेवट कापून टाकला होता. गाडी परत येत नव्हती, फलक उघडत नव्हता. उरलं होतं ते सीसीटीव्हीत टिपल्यासारखं दिसणारं अपहरण.

२०१८ च्या उन्हाळ्यात ही क्लिप देशभर फिरली. सोबत मजकूर असायचा, ‘आपल्या भागात’ मुलं पळवणारी टोळी उतरली आहे. १ जुलै २०१८ हा रविवार होता आणि धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडी बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडून भिक्षुकीसाठी आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे पोचले. कोणाला तरी संशय आला, जमाव जमला, आणि त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मारून टाकण्यात आलं. त्या गावातल्या फोनवर कराचीच्या क्लिपबरोबर आणखी एक गोष्ट फिरत होती. ओळीने ठेवलेल्या लहान मुलांचे मृतदेह, आणि खाली म्हटलेलं की यांचे अवयव काढून घेतलेत. ती मुलं सीरियातल्या घौताची होती, ऑगस्ट २०१३ मधल्या विषारी वायूच्या हल्ल्यात मेलेली.

त्याच रात्री मालेगावातही असाच जमाव जमला होता. तिथे सापडलेल्या पाच जणांमध्ये दोन वर्षांचं एक मूल होतं. पण काही स्थानिकांनी त्यांना आडोसा दिला, पोलीस पोचले आणि सगळे वाचले. अफवा एकच, दिवस एकच, पण मालेगावात जमावाच्या आड कोणीतरी आलं. या फरकाकडे पुन्हा यायचं आहे.

आधी भिवंडीकडे येऊ, कारण असा संदेश एखाद्या शहरात कसा शिरतो आणि कसा अडतो हे पाहायला महाराष्ट्रात यासारखं दुसरं गाव नाही. मुंबई-आग्रा रस्त्यावरचं हे शहर. लाखो यंत्रमाग, सायझिंगचे कारखाने, आणि गेल्या वीसेक वर्षांत माणकोली, काल्हेर, पडघा या पट्ट्यात उभी राहिलेली मैलभर लांबीची गोदामं. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सात लाखांच्या थोडी वर होती. इथे जुने कोकणी मुसलमान आहेत, उत्तरेतून आलेले मोमीन विणकर आहेत, पद्मानगरातले तेलुगू पद्मशाली आहेत, भोवतालच्या गावांतले आगरी आहेत, आणि उत्तर प्रदेश-बिहारातून येऊन मागावर बारा-बारा तास उभे राहणारे कामगार आहेत.

आता यातल्या एकाच माणसाचा फोन डोळ्यांपुढे आणा. तो एका गावाकडच्या ग्रुपमध्ये असतो, तिथे आजमगढ किंवा सिद्धार्थनगरचे चुलतभाऊ असतात. दुसरा कारखान्यातल्या पाळीचा ग्रुप. तिसरा चाळीचा किंवा बिल्डिंगचा, ज्यात पाण्याची वेळ आणि लाइट गेल्याच्या तक्रारी येतात. चौथा मुलांच्या शाळेतल्या पालकांचा. पाचवा मंडळाचा, जमातीचा नाहीतर पक्षाचा. हे पाच ग्रुप एकमेकांना ओळखत नाहीत, पण हा माणूस पाचही ग्रुपांत आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवलं होतं की बातमी दूर जाते ती जिवलग मित्रांमुळे नव्हे. दोन वेगळ्या वर्तुळांना जोडणाऱ्या तोंडओळखीच्या माणसांमुळे जाते. जिवलग मित्रांना तर सगळं आधीच ठाऊक असतं. भिवंडीत असा जोड नसलेला माणूस शोधावा लागेल.

थोडं गणित करू. २०१८ मध्ये व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये २५६ माणसं मावत. एका माणसाने पाच भरलेल्या ग्रुपांत संदेश टाकला तर तो १,२८० जणांपुढे गेला. त्यातल्या शंभरापैकी फक्त दोघांनी तो पुढे ढकलला, बाकीच्यांनी दुर्लक्ष केलं, असं धरा. म्हणजे २५ जण. त्यांनी प्रत्येकी पाच ग्रुपांत टाकला की ३२,००० झाले. पुन्हा त्यातल्या शंभरात दोघांनी, म्हणजे ६४० जणांनी, तेच केलं की आकडा आठ लाखांवर जातो. तिसऱ्या पायरीला अख्ख्या भिवंडीपेक्षा जास्त, तेही ९८ टक्के लोक शहाणे निघाले असताना.

प्रत्यक्षात असं होत नाही, कारण ग्रुप भरलेले नसतात आणि तीच माणसं अनेक ग्रुपांत असतात. पण त्या एकमेकांवर चढलेल्या ग्रुपांमुळे गोष्ट सुधारत नाही, बिघडते. संदेश नव्या माणसाकडे जाण्याऐवजी त्याच माणसाकडे तीन वाटांनी येतो: पाळीच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, शिवाय मेहुण्याने वेगळा पाठवलेला. त्याला वाटतं, तिघांनी सांगितलं. सांगणारा मुळात एकच असतो. हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये प्रयोग करून दाखवलं की एखादं विधान पुन्हा पुन्हा कानावर पडलं, एवढ्यानेच ते जास्त खरं वाटू लागतं, मग ते खरं असो वा खोटं. पुढे असंही दिसलं की विषय माहितीचा असला तरी हा परिणाम पुरता पुसला जात नाही.

पण नुसत्या गणिताने प्रश्न सुटत नाही. ‘उद्या पाणी येणार नाही’ हा संदेशही त्याच वाटांनी जातो, पण त्यावरून कोणी कोणाला मारत नाही. अफवा आणि कटाची कहाणी यांत फरक आहे. काहीतरी घडलंय, एवढंच अफवा म्हणते. कटाची कहाणी म्हणते की कोणीतरी हे मुद्दाम घडवतंय, आणि ज्यांनी सांगायचं तेच लपवतायत. हे दुसरं वाक्य फार सोयीचं आहे. पोलिसांनी खुलासा केला तर ‘बघा, दडपतायत’. पेपरात आलं नाही तर ‘पेपर विकले गेलेत’. पुरावा नसणं हाच पुरावा होतो. कट सांगणाऱ्या संदेशांत ‘टीव्हीवाले हे दाखवणार नाहीत’ ही ओळ इतकी ठरलेली असते की ती दिसली की मी उरलेला मजकूर वाचायच्या आधीच तारीख शोधायला लागतो. तारीख नसतेच. ‘काल रात्री’ असतं, आणि महिनाभर फिरलं तरी ते काल रात्रीच राहतं. ठिकाणही नसतं, ‘आपल्या भागात’ असतं. म्हणून असा संदेश साक्रीतही चालतो आणि भिवंडीच्या शांतीनगरातही.

आवाजी संदेशाची गोष्ट आणखी वेगळी. लिहिलेला मजकूर निदान शोधून पाहता येतो, फोटो उलटा शोधता येतो. आवाजाचं काय करणार? धापा टाकत बोललेली दीड मिनिटाची क्लिप, मागे रिक्षांचे हॉर्न, कोणीतरी लहान मूल रडतंय, आणि बाई सांगतायत की माझ्या नणंदेच्या बिल्डिंगमध्ये आत्ता घडलं. कोण बाई, कोणती बिल्डिंग, कशाचा पत्ता नाही. पण बोली आपली, घाबरणं खरं. ऐकणाऱ्याला अक्षरओळख असायचीही गरज नाही. भिवंडीसारख्या पाच भाषांच्या गावात तर ही क्लिप एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नव्याने बोलली जाते आणि तेलुगू ऐकणाऱ्याला ती तेलुगूच वाटते. भाषांतर करणारा वाईट हेतूने करत नाही. आपल्या बायकामुलांना कळावं म्हणूनच करतो.

हा उद्योग व्हॉट्सॲपने सुरू केला असं मात्र समजू नये. संतोषी मातेच्या नावाची पोस्टकार्डं ज्यांना आठवतात त्यांना ‘अकरा जणांना पाठवा, नाहीतर अरिष्ट येईल’ ही धमकीही आठवत असेल. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पिऊ लागला तेव्हा हातात मोबाइल नव्हते. एसटीडी बूथ आणि घरचे फोन एवढ्यावर ही बातमी काही तासांत देशभर आणि परदेशातल्या देवळांपर्यंत पोचली. चमच्यातलं दूध पृष्ठताणामुळे मूर्तीवर ओढलं जातं आणि पातळ ओघळ दिसत नाही, हे शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवलं, पण तोवर डेअऱ्या रिकाम्या झाल्या होत्या.

आणि कटाची कहाणी तर त्याहून जुनी. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा सरकारी इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही असं लोक पाहत होते. ते खरंही होतं, कारण प्लेगवर औषध नव्हतं. त्यातून समजूत पसरली की इस्पितळात माणसांना मारून त्यांची ‘मोमियाई’ काढतात, म्हणजे त्यांच्या शरीरातून औषधी तेल. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. आता २०२० चा उन्हाळा आठवा. महाराष्ट्रातल्या बहुतेक ग्रुपांवर एक संदेश फिरत होता: प्रत्येक कोरोना रुग्णामागे पालिकेला दीड लाख रुपये मिळतात, म्हणून चांगल्या माणसाला पॉझिटिव्ह दाखवतात, आणि किडन्या काढून मृतदेह प्लास्टिकमध्ये बांधून देतात. मधे सव्वाशे वर्षं गेली. मोमियाईची किडनी झाली, एवढाच बदल.

या समजुतींना अडाणीपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते फारसं खरं नाही. आणीबाणीत, १९७६ च्या सुरुवातीला, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत रस्त्यावरची माणसं धरून नेऊन नसबंदी केली गेली. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. ज्यांच्या घरात ही आठवण आहे त्यांना २०१८ च्या नोव्हेंबरात, गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू होताना, ‘ही लस मुलांना पुढे मूल होऊ नये म्हणून आहे’ असा संदेश आला. तो साफ खोटा होता. पण तो ज्या भीतीवर बसला ती हवेतून आलेली नव्हती. पाकिस्तानात ओसामा बिन लादेनचा माग काढायला अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने २०११ मध्ये अबोटाबादला लसीकरणाचं नाटक केलं, हेही खरंच आहे, आणि त्याची किंमत तिथल्या पोलिओच्या कामाला आजतागायत मोजावी लागते आहे. एक खरा कट शंभर खोट्या कटांना अनेक वर्षं पुरतो.

२०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोवंडी, भिवंडी आणि मालेगाव इथे गोवर उसळला. कोरोनाच्या दोन वर्षांत राहून गेलेले डोस हे त्याचं मोठं कारण, पण लसीबद्दलचा संशयही त्यात होता. त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्ये, अल्पसंख्याक वस्त्यांत कोरोनाची लस घेण्याचं प्रमाण कमी आहे म्हणून, तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सलमान खानची मदत घेणार असं जाहीर केलं होतं. नट मोठा आहे, पण तो कोणाच्या गल्लीत राहत नाही. लसीबद्दल दारात उभं राहून तीन वेळा तेच उत्तर देणारी आशा सेविका राहते.

भीती आधी येते आणि कारण मागाहून शोधलं जातं, ही गोष्ट सर्वांत नेमकी दाखवली ती एका भारतीय मानसशास्त्रज्ञाने. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. जमुना प्रसाद यांनी त्यानंतरच्या अफवा गोळा केल्या. त्यांतल्या बऱ्याच अफवा सांगत होत्या की याहून मोठं संकट यायचं आहे. आणि त्या पसरल्या होत्या धक्का जाणवलेल्या पण फारशी पडझड न झालेल्या भागात. पुढे अमेरिकेत लिऑन फेस्टिंगर यांना हेच कोडं पडलं: संकटातून सुटलेली माणसं स्वतःला आणखी का घाबरवतील? त्यांचं उत्तर असं की ती आधीच घाबरलेली होती, पण भोवती सगळं जागच्या जागी होतं. भीतीला साजेसं काही दिसत नव्हतं. अफवेने ते पुरवलं. त्यांचा मनातल्या विसंगतीचा प्रसिद्ध सिद्धांत या कोड्यातून पुढे आला.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा भिवंडीतले माग थांबले. एका खोलीत आठ-दहा जण, मजुरी बंद, खानावळ बंद, गावाला जायला गाडी नाही, आणि हातात फोन. त्याच काळात पालघर जिल्ह्यातल्या पाड्यांवर चोर आणि मुलं पळवणारे फिरतात असे संदेश येत होते, लोक रात्रीचे पहारे देत होते. १६ एप्रिलच्या रात्री गडचिंचले इथे सुरतेला निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हाती मारले गेले. पुढे जे झालं ते कमी बोललं जातं. एका अफवेने झालेल्या त्या हत्येचीच काही दिवसांत नवी कटकथा बनली, तिला धार्मिक रंग चढला, आणि राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून त्यात एकही मुसलमान नाही असं सांगावं लागलं. यादी किती जणांनी वाचली असेल कोण जाणे.

हे फक्त पाड्यांवर आणि कामगारांच्या खोल्यांत होतं असं मानणाऱ्यांनी नोव्हेंबर २०१६ आठवावा. दोन हजारांच्या नोटेत जीपीएस चिप आहे, जमिनीखाली पुरली तरी उपग्रहाला दिसते, ही कथा सुशिक्षित घरांत आणि वृत्तवाहिन्यांवरही मजेत फिरली. मे २०२१ मध्ये माणसं कोरोनाने नाही, फाइव्ह-जीच्या चाचणीने मरतायत असा संदेश आला. दूरसंचार विभागाला सांगावं लागलं की देशात अजून कुठेच चाचणी सुरूच झालेली नाही. सर्वांत गमतीचा मला वाटतो तो व्हॉट्सॲपबद्दलचाच संदेश: दोन निळ्या आणि एक लाल खूण दिसली की सरकार तुमच्यावर कारवाई करणार. अशी लाल खूण अस्तित्वातच नाही, पण हा संदेश अजून दर काही महिन्यांनी उठून बसतो आणि निवृत्त मुख्याध्यापक तो शांतपणे पुढे पाठवतात.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या शकुंतला बनाजी आणि राम भट यांच्या गटाने महाराष्ट्रासह चार राज्यांत फिरून २०१९ मध्ये एक अहवाल काढला. माणसं खोट्या गोष्टी पुढे पाठवतात ती फोन नीट वापरता येत नाही म्हणून नव्हे, असं त्यांचं म्हणणं. ज्याच्याबद्दल मनात आधीच आकस आहे त्याच्याविरुद्ध आलेलं काहीही खरं मानायची तयारी असते. अनेकांना ती गोष्ट कच्ची आहे याचा अंदाजही असतो. राईनपाड्यात मारले गेले ते भटके होते. २०२२ च्या सप्टेंबरात सांगलीच्या जत तालुक्यात लवंगा इथे मार खाल्लेले चौघे परप्रांतीय साधू होते. कोणावर संशय येतो हे पाहिलं की ‘अज्ञान’ हा शब्द अपुरा वाटतो.

कंपनीने काय केलं? जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या संदेशावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण आणली, भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवायची मर्यादा घातली, आणि भारतातली माणसं जगात सर्वांत जास्त फॉरवर्ड करतात हेही तेव्हा सांगितलं. २०१९ मध्ये ती मर्यादा जगभर लागू झाली आणि फार वेळा फिरलेल्या संदेशांना दुहेरी बाण आला. एप्रिल २०२० पासून असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. त्याने अशा संदेशांची फिरती सत्तर टक्क्यांनी घटली असं कंपनी म्हणते. असेलही. पण आकडा कंपनीचाच आहे. आणि २०२२ मध्ये याच कंपनीने एका ग्रुपची मर्यादा आधी ५१२, मग १,०२४ केली.

खुणेचीही एक गंमत आहे. दुहेरी बाण पाहून सावध व्हावं ही अपेक्षा. पण ‘एवढ्या लोकांनी पाठवलंय म्हणजे तथ्य असणार’ असाही त्याचा अर्थ लावता येतो, आणि लावला जातो. शिवाय त्याच मजकुराची नक्कल करून नव्याने चिकटवली की बाण गायब होतो.

आता मालेगावचा तो फरक. भिवंडीने तो फार आधी, मोबाइलच्या आधी, शिकून घेतला होता. ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीपासून इथे दंगल उसळली, तिची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा दंगल झाली. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे इथे आले आणि त्यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. शांतता समित्या त्याआधीही असत, पण त्यांत पुढारी बसत आणि त्या दंगल तोंडावर आली की भरत. खोपड्यांच्या समितीत हिंदू आणि मुसलमान दोन्ही समाजांतली साधी माणसं होती: मागवाला, दुकानदार, शिक्षक, गल्लीतली बाई; आणि बीटचा पोलीस. ती नियमित भरे, काही घडलेलं नसतानाही. विषय काय, तर नळाचं भांडण, भाडेकरूचा वाद, नवराबायकोची तक्रार.

दंगल रोखण्याशी या किरकोळ भांडणांचा काय संबंध, असा प्रश्न तेव्हा बऱ्याच पोलिसांनाही पडला असेल. संबंध असा की सहा महिने नळाच्या भांडणावर एकत्र बसलेली माणसं एकमेकांना नावाने ओळखू लागतात. मग एका रात्री बातमी येते की पलीकडच्या मोहल्ल्यात हत्यारं गोळा होतायत. अशा वेळी अलीकडच्या माणसाला पलीकडे ओळखीचं कोणी असतं. तो जाऊन पाहतो आणि परत येऊन सांगतो, मी आत्ता तिथूनच आलो, काही नाही. ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली, त्यानंतर मुंबई दोनदा पेटली. भिवंडी पेटली नाही. ज्या गावाचं नाव दंगलीशी जोडलेलं होतं तेच शांत राहिलं. या अनुभवावर खोपड्यांनी पुढे पुस्तकही लिहिलं.

समित्या सगळ्या काळ तशाच राहिल्या नाहीत. अधिकारी बदलले की अशी कामं मंदावतात. पण खूणगाठ राहिली. जून २०२० मध्ये कोरोनाने इथली इस्पितळं भरली आणि लोक इस्पितळाच्या नावालाच घाबरत होते, तेव्हा शांतीनगरच्या मक्का मशिदीत ऑक्सिजनची मोफत सोय असलेलं उपचार केंद्र सुरू झालं. किडन्या काढतात म्हणणाऱ्या संदेशाला यापेक्षा चांगलं उत्तर मला सुचत नाही. रुग्ण जिथे रोज नमाजाला जात होता तिथेच झोपला होता, आणि शेजारी ये-जा करत होते.

खोपड्यांनी जे मोहल्ल्यात केलं त्याची व्हॉट्सॲपवर चाचणी घेतल्यासारखा एक अभ्यास सुमित्रा बद्रीनाथन आणि सिमाँ शोशार यांनी भारतात केला. ग्रुपमध्ये कोणी खोटं टाकलं आणि दुसऱ्या सदस्याने फक्त ‘हे खरं वाटत नाही’ एवढं म्हटलं, कुठला दुवा दिला नाही, कुठल्या तज्ज्ञाचं नाव घेतलं नाही, तरी वाचणाऱ्यांचा त्या गोष्टीवरचा विश्वास कमी झाला. याउलट बद्रीनाथन यांनी बिहारमध्ये २०१९ च्या निवडणुकीत घरोघरी जाऊन तासभर खोट्या बातम्या ओळखायचं शिक्षण दिलं होतं, त्याचा सरासरी परिणाम दिसला नव्हता. बाहेरच्याच्या धड्यापेक्षा ग्रुपमधल्या एका वाक्याला वजन आलं, आणि यात मला नवल वाटत नाही. खोटं ओळखीच्या माणसाकडून आलेलं असतं. २५६ जण गप्प बसले की ती गप्प राहणारी सगळी माणसं त्याच्या बाजूने मोजली जातात. पहिला जो बोलतो तो ही मोजणी बिघडवतो.

बोलणं सोपं नसतं, हेही मान्य. संदेश टाकणारा काका असतो, सोसायटीचा सेक्रेटरी असतो, ज्याच्याकडे काम मागायचं तो शेठ असतो. ‘काका, ही क्लिप कराचीची आहे, जुनी आहे, तिचा शेवट कापलाय’ असं चारचौघांत म्हटलं की काकांचा मान जातो. म्हणून बरेच जण खाजगीत कळवतात, आणि काका खाजगीतच ‘अच्छा’ म्हणतात. ग्रुपवर मात्र क्लिप तशीच राहते. ॲडमिनला अजून एक भीती: सदस्याने काही टाकलं तर मला धरतील. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये सांगितलं आहे की सदस्याच्या मजकुरासाठी ॲडमिन आपोआप दोषी ठरत नाही. भीतीपोटी ग्रुपच ‘फक्त ॲडमिन बोलू शकतात’ असा करून टाकला की खोटं टाकणारे कमी होतात, पण खोडणाराही एक उरत नाही.

२०२२ पासून ॲडमिनला कोणाचाही संदेश सगळ्यांसाठी पुसता येतो. पण त्या ग्रुपमधून जो पुढे गेला तो गेला. २०१६ पासून संदेश कुलूपबंद जातात. वाटेत काय चाललंय हे कंपनीला वाचता येत नाही, पोलिसांनाही नाही. कराचीची क्लिप मी कोणत्या पाच ठिकाणी टाकली हे माझ्या फोनला ठाऊक असतं आणि मला. तिथे ‘ती खोटी होती’ असं दुसरं कोणी जाऊन सांगू शकत नाही, कारण ते ग्रुप कोणते हेच त्याला माहीत नसतं.